बुडबुडे आले नाहीत

सारेमा बेटावरच्या आमच्या शाळेत यंदा मुलं अकरा,
म्हणून जूनमध्ये कुलूप.
रसायनाची खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं,
कारण किल्ली माझ्याकडे होती.

मदतीला केर्तु. नववीतली, नखांना निळा रंग.
फळीवर सात बाटल्या, सात पांढऱ्या भुकट्या,
लेबलं कसरीने खाल्लेली.
एकीवरचं तेवढं शाबूत,
माझ्याच अक्षरात: सोडियम कार्बोनेट.

"फेकायचंच आहे, तर नावं कशाला?"
म्हटलं, कचऱ्याच्या गाडीवाल्याला लागतात.
आणि अनोळखी माणसालाही आपण
विचारपूस केल्याशिवाय पुरत नाही गं.

चष्मे चढवले. चिमूटभर भुकटी,
वर सौम्य आम्लाचे चार थेंब.
पहिली गप्प.
दुसरी फसफसत नळीच्या तोंडापर्यंत आली;
केर्तु आधी मागे सरकली, मग हसली.
तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला:
निवळी दुधाळ.
तिला वाटलं झालं. म्हटलं, थांब, सोडत राहा.
दुधाचं पुन्हा पाणी झालं.
"म्हणजे खोटं होतं?"
नाही. जास्त झालं.

तिसरीही फसफसली, निवळीही दुधाळली,
पण खोलीभर जळक्या काडीचा वास.
हा कार्बोनेटचा कुणी नाही,
नुसता तोंडावळा सारखा.
खिडकी उघडली.

चौथी कोरडीच तापवली तर नळीच्या गळ्याशी दव:
खायचा सोडा. बहुधा
स्वयंपाकीण लाइनेनेच कधीतरी ओतून ठेवलेला.
पाचवी पाण्यात विरघळेना, आम्लात मात्र क्षणात:
खडू.
सहावीचं नाव कळलंच नाही.

मधेच केर्तु ड्रॉपर घेऊन दारात गेली,
पायरीवर थेंब टाकला. दगड ढिम्म.
"आमचं घरही याच दगडाचं आहे. हा चुनखडी नाही?"
डोलोमाइट. खिळ्याने जरा खरवड, मग टाक.
तिने खरवडलं, थेंब टाकला, वाकून पाहत राहिली.
बऱ्याच वेळाने, साय धरायच्या आधी
दुधाच्या कडेला येतात तसे,
बारीक, एकेक.

शेवटी ती शाबूत लेबलाची.
हिचं काय तपासायचं, म्हणून मी झाकण लावत होते.
केर्तुने चिमूट आधीच घेतली होती.
थेंब. अजून थेंब.
नळीत नुसतं स्वच्छ पाणी.
आम्ल जुनं असेल, मी म्हणाले.
हे मी पूर्वीही म्हटलेलं आहे, पुष्कळदा.
पण त्याच आम्लाने आत्ता पायरी बोलली होती.
बेरियम क्लोराइड घातलं: दाट पांढरा साका,
वरून कितीही आम्ल ओता, हटेना.
सल्फेट.

उर्मास.
एक्क्याण्णवची परीक्षा. ओळखा: क्षार एक्स.
चौघांना याच बाटलीतलं दिलं होतं.
तिघांनी लिहिलं, भरपूर बुडबुडे,
माझ्या तोंडाकडे बघून.
त्याने लिहिलं: बुडबुडे आले नाहीत.
पुन्हा केलं. नाही आले.
मी लाल शाईने लिहिलं: नीट बघायला शीक.
पाचपैकी दोन.

आता तो कुइवास्तूच्या धक्क्यावर
फेरीबोटीत गाड्या चढवतो. हाताने खुणा:
मागे, अजून मागे, बास.
मी दिसले की टोपी काढतो.
दर वेळी मनात यायचं, मुलगा गुणी,
रसायनात तेवढा कच्चा.

केर्तुने नव्या लेबलाचा चौकोन कापला. काय लिहू?
मी पेन्सिल तिच्या हातातून घेतली.
सोडियम सल्फेट असावं.
(असावं खोडलं नाही.)
खाली: आम्लाशी काही नाही. उर्मासने पाहिलं होतं.

ही बाटली गाडीवाल्याला दिली नाही.
लोकरीच्या मोज्यात घालून पिशवीत ठेवली आहे.
शुक्रवारी दोनच्या बोटीने पलीकडे जायचंय,
डोळे तपासायला.